मदत हवी आहे: घुमटाचं चामडं सैल पडतंय

मंडळी, गेल्या मे महिन्यात गोव्यातल्या फोंड्याहून मामाने घुमट (मडक्याच्या एका तोंडावर चामडं ताणलेलं तालवाद्य) आणून दिलं. मातीचंच, बकऱ्याच्या चामड्याचं. (पूर्वी घोरपडीचं असायचं, त्यावर वन्यजीव कायद्याने बंदी आहे, तेव्हा तो सल्ला कृपया नको!) पुण्यात पाऊस सुरू झाला आणि आवाजच बसला. थाप मारली की नुसतं 'भद्द'. मागच्या उघड्या तोंडावर डावा तळवा उघडझाप करून जो घुमारा निघतो, तो तर गायबच.

उन्हात ठेवावं तर ऊन नाही. गॅसजवळ शेकलं तर काठाशी बारीक चीर दिसली, घाबरून थांबले. चामडं नव्याने ताणून बसवता येतं का? पुण्यात कोण करतं?

घाई अशी की गणपतीत आरतीला सुवारी (गोव्याचं पारंपरिक समूहवादन) वाजवायची आहे, त्यासाठी शामेळ (काठ्यांनी वाजवायचं तालवाद्य) आणि कासाळं (झांजा) मिळालीत. शिवाय आमच्या सोसायटीतल्या मडगावच्या काकू व्हायोलिनवर मांडो (गोव्याचा कोंकणी गीतप्रकार) वाजवतात, त्यांनाही साथीला हेच घुमट हवंय. आरती आणि मांडो, दोन्ही याच एका मडक्यावर अडलंय. बाकी ढोलकी चालेल म्हणणाऱ्यांना आधीच नमस्कार. 😄