मदत हवी आहे: हिऱ्याचे प्रमाणपत्र नेमके कसे वाचावे?

नमस्कार. धाकट्या बहिणीच्या साखरपुड्यासाठी अर्ध्या कॅरटच्या आसपासचा गोल, नैसर्गिक हिरा जडवलेली पिवळ्या सोन्याची अंगठी करायची आहे. सोन्याचा हॉलमार्क आणि एचयूआयडी (दागिन्यावरचा ओळख) क्रमांक तपासता येतो, पण हिऱ्याबाबत सारी भिस्त प्रमाणपत्रावर आहे आणि त्यातील कोणत्या नोंदीला किती वजन द्यावे, हे उमगत नाही. पुण्यातील एका पेढीवर दोन सुटे हिरे पाहिले असून त्यांच्या किमतीत फारसा फरक नाही.

पहिला जीआयए या प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्राचा आहे: ०.५० कॅरट, रंग जी, शुद्धता व्हीएस २, कट (पैलूंची घडण) एक्सलंट, फ्लुओरेसन्स (अतिनील प्रकाशात उजळण्याचा गुण) नाही, मापे ५.११–५.१४ × ३.१६ मिमी. दुसरा आयजीआय या प्रयोगशाळेचा: वजन तेवढेच, रंग एफ, शुद्धता व्हीएस १, कट गुड, फ्लुओरेसन्स स्ट्राँग, मापे ४.९९–५.०२ × ३.२४ मिमी. दुसरा हिरा रंगात आणि शुद्धतेत एकेक पायरी वरचा असल्यामुळे तोच घ्यावा, असा सराफांचा आग्रह आहे. जीआयएच्या कागदावर हिऱ्यातील दोषांची आकृती नाही, याचीही थोडी शंका वाटते. शिवाय तयार अंगठीचा पर्याय आहेच, मात्र तिच्या प्रमाणपत्रावर ‘कोंदणातून जेवढे दिसले तेवढ्यावरून’ अशा अर्थाची ओळ आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:

आपण मापे दिलीत हे फार बरे झाले, कारण या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यांतच आहे. उंचीला सरासरी व्यासाने भागले, तर पहिल्या हिऱ्याची खोली सुमारे ६१.७ टक्के आणि दुसऱ्याची ६४.७ टक्के येते. म्हणजे दुसऱ्याचे वजन खालच्या बाजूला दडलेले आहे; वजन सारखे असूनही तो वरून लहान दिसेल, आणि वरून शिरलेला प्रकाश डोळ्यांकडे परतण्याऐवजी तळातून निसटण्याची शक्यताही त्यातच अधिक आहे. हिरा चमकतो तो कटमुळे. रंगाची श्रेणी सुटा हिरा पालथा ठेवून, नमुन्याच्या हिऱ्यांशी ताडून ठरवतात; पिवळ्या सोन्यात बसवल्यावर एफ आणि जी यांतला फरक घरात कोणालाही ओळखता येणार नाही. व्हीएस १ आणि व्हीएस २ यांतला फरक तर दहापट भिंगाखालचा आहे. जी पायरी दिसणार नाही तिच्यासाठी दिसणारी चमक सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

शिवाय ही श्रेणी अखेर माणसाच्या नजरेने ठरते आणि सीमारेषेवरच्या हिऱ्याला दोन ठिकाणी दोन श्रेणी मिळू शकतात, त्यामुळे निरनिराळ्या प्रयोगशाळांच्या एका अक्षराच्या फरकावर निर्णय घेऊ नये.

फ्लुओरेसन्सचा बाऊ करण्याचे कारण नाही. जीआयएने १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सामान्य निरीक्षकांना त्याचा परिणाम ओळखता आला नव्हता. क्वचित एखादा हिरा धुरकट दिसतो, म्हणून तो दुकानातील झगमगाटाऐवजी दारात, उन्हात पाहावा. मात्र एफ रंगात स्ट्राँग फ्लुओरेसन्स असला की बाजारात भाव उतरतो. ती सवलत आपल्याला का मिळालेली नाही, हे सराफांना जरूर विचारा.

आकृती नसण्यात काही गैर नाही. लहान हिऱ्यांसाठी जीआयएचे संक्षिप्त प्रमाणपत्र असते. त्यात आकृतीऐवजी हिऱ्याच्या कडेवर, म्हणजे गर्डलवर, लेझरने क्रमांक कोरलेला असतो. तो क्रमांक जडवण्यापूर्वी भिंगातून स्वतः वाचावा, जीआयएच्या संकेतस्थळावरील नोंदीशी ताडावा आणि कारागिराला तो पंज्याखाली झाकू नये असे बजावावे. अंगठी हाती आल्यावर पुन्हा वाचावा.

तयार अंगठीतील हिऱ्याचे वजन बहुधा मापांवरून अंदाजे काढलेले असते आणि रंगही ‘जी-एच’ असा जोडीने दिलेला असतो. सुटा हिरा मिळत असताना त्या वाटेला जाऊ नये. हिरा नैसर्गिक की प्रयोगशाळेत घडवलेला, ही नोंदही डोळ्यांनी पाहावी. आयजीआयच्या घडवलेल्या हिऱ्यांचा क्रमांक ‘एलजी’ने सुरू होतो.

प्रमाणपत्रात किमतीचा निर्वाळा नसतो. म्हणून बिलावर प्रमाणपत्राचा क्रमांक, हिऱ्याचे वजन, हिऱ्याची किंमत आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घ्यावी, तसेच परत घेताना किती टक्के कपात होईल हेही तिथेच नोंदवून घ्यावे.