चर्चा: पान्ह्याचं इंजेक्शन पूर्ण बंद करावं का?

धागाकर्ता, अमळनेर
पारडू दगावलं की म्हैस पान्हा चोरते आणि दोन्ही वेळा ऑक्सिटोसिनची (पान्हा सोडायला लावणाऱ्या हार्मोनची) सुई सुरू होते. हे बंदच व्हायला हवं. दूध वाढवण्यासाठी जनावराच्या तब्येतीला घातक इंजेक्शन देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ नुसार गुन्हा आहे. तरी बिनलेबलच्या बाटल्या विकल्या जातातच. शिवाय ही वाढीची हार्मोन्स दुधातून पोरांच्या पोटात जातात.

रावेरकर
भाऊ, शेवटचं मान्य नाही. ऑक्सिटोसिन रक्तात काही मिनिटांत मोडतं, दुधातून पोटात गेलं तरी पचून जातं. वाढीचं हार्मोन ते बीएसटी (गाईंना दूध वाढवायला देतात ते बोव्हाइन सोमॅटोट्रोपिन): अमेरिकेत १९९३ ला मंजूर झालं, ५०० मिलिग्रॅम दर १४ दिवसांनी कातडीखाली देतात. कासदाह आणि लंगडेपणा वाढतो म्हणून कॅनडाने १९९९ मध्ये ते नाकारलं. आपल्याकडचा प्रश्न तो नाहीच. आणि सरसकट बंदीचं म्हणाल तर, बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवायला हेच औषध लागतं. २०१८ मध्ये केंद्राने खासगी उत्पादन बंद केलं, तो आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द केला. कर्ज काढून घेतलेली म्हैस पारडू मेल्यावर आटू द्यायची का? डॉक्टरांच्या चिठ्ठीने चार-आठ दिवस चालू द्या.

पशुवैद्यक, चाळीसगाव
चार-आठ दिवसांवर ते थांबत नाही, हीच अडचण आहे. सुईने कासेतलं एरवी मागे राहणारं दूधही निघतं, ते दाट असतं, म्हणून पहिल्या दिवशी फॅट वाढल्यासारखं दिसतं. पुढे म्हैस सुईशिवाय सडाला हात लावू देत नाही. एकच सुई गोठाभर फिरली की गळू होतात. गाभण म्हशीला दिली तर गर्भ पडण्याचा धोका.

म्हशीच्या सडाजवळच्या पोकळीत जेमतेम ५ टक्के दूध असतं, बाकी सगळं वर कासेत. म्हणून पान्हा यायला २ ते ५ मिनिटं लागतात. तेवढं थांबायला कुणी तयार नसतं! पुढ्यात भिजवलेली सरकी पेंड ठेवा, कोमट पाण्याने कास धुवा, चोळा, सड ताठ झाले की ६-७ मिनिटांत धार संपवा. त्याआधी ओढाताण किंवा काठी केली तर म्हैस घाबरते आणि पान्हा अडतो. सवय लागलेलीची मात्रा दर दोन-तीन दिवसांनी कमी करत न्या.

रावेरकर
पद्धत बरोबर आहे. पण मे महिन्यात पारा ४५ वर गेला की म्हैस चारा टाकते, तेव्हा नुसतं चोळून भागत नाही.

पशुवैद्यक, चाळीसगाव
अण्णा, उन्हाने दूध तयारच कमी होतं, सुई ते वाढवत नाही. धार काढण्याआधी अंगावर पाणी मारा, वैरण रात्री टाका.

धागाकर्ता, अमळनेर
पोटात जाण्याचा मुद्दा मागे घेतो. पण मग पारडूच का मरतं यावर बोला. जन्मल्यावर तासाभरात चीक, नाळेला आयोडीन आणि १०-१५ दिवसांत जंताचं पिपराझिन, एवढंही कितीतरी गोठ्यांत होत नाही. रेडा असेल तर मुद्दाम उपाशी ठेवतात. ते थांबेपर्यंत गोठ्यात सुई ठेवायला माझा विरोधच राहील.

रावेरकर
रेड्याचं खरं आहे. चिठ्ठीवर मात्र मी ठाम आहे.