नोटिशीतलं चेकचं स्पेलिंग

कुलकर्णी, बी-३०२: मेंटेनन्सच्या नोटिशीत चेकचं स्पेलिंग पुन्हा सी-एच-ई-सी-के. मागेही सांगितलं होतं. शेवटी क्यू-यू-ई हवं. कृपया दुरुस्त करावे 🙏

सावंत, खजिनदार: नोंद घेतली. निम्म्या चेकमागे फ्लॅट नंबर नाही, त्याचंही कोणी मनावर घ्या.

शेखताई, ए-१०४: पेटीत टाकलेल्या चेकची पावती अजून नाही.

जोशी सर, सी-५०१: कुलकर्णी, सी-के अमेरिकेत आजही चालतं आणि जुनंही तेच. फारसी ‘शाह’ म्हणजे राजा. बुद्धिबळात राजावर मारा आला की ‘शाह’ म्हणायचे. अरबी, लॅटिन, फ्रेंच करत त्याचं इंग्रजीत ‘चेक’ झालं. आपला ‘शह’ त्याच घरातला. शह बसला की थांबावंच लागतं, म्हणून चेक म्हणजे अडवणं. पुढे तपासणं.

पाटील, ए-२०३: आणि चेक्सचा शर्ट?

जोशी सर: तोही पटावरचाच. जुन्या फ्रेंचमध्ये पटाला ‘एशेकिए’. त्यावरून इंग्लंडचा खजिना ‘एक्सचेकर’. १२व्या शतकात तिथे १० फूट बाय ५ फूट टेबलावर रेघा मारलेलं काळं कापड अंथरून पौंड, शिलिंग, पेन्सच्या रकान्यांत सोंगट्या मांडत. रोमन आकडे लिहून बेरीज जमते थोडीच! क्यू-यू-ई आलं ते या एक्सचेकरच्या वळणाने.

कुलकर्णी: म्हणजे माझंच बरोबर.

पाटील: काका, शह बसलाय तुम्हाला 😄

कुलकर्णी: थट्टा पुरे. आधी जिन्याखालची बाईक काढा.

शेखताई: पावती?

जोशी सर: मुख्य गोष्ट राहिली. १८व्या शतकात ‘चेक’ म्हणजे काउंटरफॉइल! कागद फाडून द्यायचा, अर्धुक आपल्याकडे. कोणी रक्कम फिरवली तर त्याच्याशी ताडायचं. नंतर ते नाव दिलेल्या कागदालाच पडलं.

सावंत: अगदी हेच! काउंटरफॉइल कोरं ठेवू नका. नंबर, तारीख, रक्कम, महिना लिहा. चेकवर डाव्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा, ‘अकाउंट पेयी’, अक्षरी रकमेपुढे ‘फक्त’. खाडाखोड झाली तर नवा चेक लिहा, बँक परत पाठवते. मुदत तारखेपासून ३ महिने. शेखताई, नंबर पाठवा.

शेखताई: ०००४१७. तारीख ५. रक्कम ३,२५०. आता पावती?

सावंत: सापडला. आकड्यात ३,२५०, अक्षरी ‘तीन हजार दोनशे’. कायद्याने अक्षरी रक्कम धरतात, पण बँक बहुधा परतच करते. म्हणून भरला नव्हता. कळवायचं राहिलं, क्षमस्व. बदलून द्या, पावती लगेच देतो.

शेखताई: संध्याकाळी देते.

कुलकर्णी: आणि नोटीस?