लाइट गेली-आली की ईटीएच० आणि ईटीएच१ यांची अदलाबदल होते

अभ्यासिका_दारव्हा:

गावातल्या अभ्यासिकेत १४ कॉम्प्युटर आहेत. त्यांना इंटरनेट पुरवतो एक जुना डेस्कटॉप, त्यावर डेबियन १२ (लिनक्स). बोर्डावरचा रिअलटेक पोर्ट फायबरच्या डब्याला जोडलाय, वेगळं बसवलेलं इंटेलचं कार्ड स्विचला. लिनक्सनं या पोर्टांना दिलेली नावं: ईटीएच० बाहेरचं, ईटीएच१ आतलं. आतला पत्ता १९२.१६८.१०.१, मशीनना पत्ते वाटायला डीएनएसमास्क नावाचा प्रोग्राम.

लाइट गेली आणि इन्व्हर्टरनं धरलं नाही, तर मशीन परत उठताना कधी सगळं ठीक, कधी दोन्ही नावं उलटी. उलटी झाली की १४ही मशीनवर १६९.२५४ नं सुरू होणारा पत्ता दिसतो, म्हणजे पत्ता मिळाला नाही म्हणून मशीननं स्वतःच घेतलेला. केबला अदलून लावल्या की चालतं, पुढच्या खेपेला पुन्हा तेच.

मशीन बूट करणाऱ्या ग्रबच्या ओळीत आधीच कोणीतरी 'नेट.इफनेम्स=०' (नव्या पद्धतीची नावं बंद) टाकलेलं होतं. ते काढलं तेव्हा ईएनपी१एस० आणि ईएनपी३एस० अशी नावं आली आणि टिकलीही. पण एनव्हीएमई डिस्क लावल्याबरोबर ईएनपी३एस० चं ईएनपी४एस० झालं, म्हणून परत जुन्यावर आणलं. फायबरचा डबा स्विचच्या आधी चालू होतो म्हणून असं होतं का? पोरं सकाळी ६ ला अभ्यासाला येतात, तेव्हा केबल बदलणारं तिथे कोणी नसतं. कायमचा उपाय पाहिजे.

केबलवाला_वाशिम:

डब्याचा आणि स्विचचा इथे काही संबंध नाही भाऊ. ड्रायव्हर पोर्टाची नोंद करतो त्याच क्षणी नाव ठरतं. केबलीत जीव आहे की नाही हे त्यानंतर पाहिलं जातं.

रिअलटेकचा ड्रायव्हर आर८१६९, इंटेलच्या कार्डाचा बहुतेक ई१०००ई. दोन्ही एकाच वेळी चढतात. ज्याची नोंद आधी झाली तो ईटीएच०, मागून आला तो ईटीएच१. क्रमाची हमी कर्नल (लिनक्सचा गाभा) देतच नाही. दोन्ही कार्डं एकाच ड्रायव्हरची असतात तिथे क्रम सहसा तोच राहतो, म्हणून पुष्कळ ठिकाणी हा त्रास वर्षानुवर्षं दिसत नाही.

याच कारणानं २०१३ मध्ये सिस्टमडीच्या (बूटनंतर लिनक्सच्या सेवा सुरू करणाऱ्या प्रणालीच्या) १९७व्या आवृत्तीत ईएनपी पद्धतीची नावं आली. त्यातला पी म्हणजे पीसीआय बसचा (बोर्डाला कार्डं जोडणाऱ्या मार्गाचा) नंबर, एस म्हणजे स्लॉट. हार्डवेअर जसंच्या तसं असेल तोवर ती पक्की. तुम्ही डिस्क लावली, मधे एक बस वाढली, पुढच्याचा नंबर सरकला. दोन्ही वेळा नाव अशा गोष्टीवर टांगलेलं होतं जी हलू शकते. ते कार्डाच्या मॅक पत्त्यावर, म्हणजे कार्डाच्या स्वतःच्या ओळख-क्रमांकावर टांगा.

आणि हे लवकर करा. नावं उलटतात तेव्हा फक्त नेट बंद पडत नाही. आतल्यांसाठी मोकळे ठेवलेले फायरवॉलचे नियम बाहेरच्या बाजूला लागतात, आणि तुमचा डीएनएसमास्क फायबरच्या बाजूला पत्ते वाटायला बसतो.

पांढरकवडा६४:

कसं करायचं ते लिहितो. आज्ञा इथे देवनागरीत आहेत, टर्मिनलवर इंग्रजी लिपीत टाका. मशीनसमोर कीबोर्ड-मॉनिटर लावूनच बसा. दुरून एसएसएचनं करू नका, नाव बदललं की तुमचीच लाइन तुटेल.

आधी कोणता पोर्ट कोणता ते पक्कं करा. 'आयपी -बीआर लिंक' दिल्यावर दोन्ही दिसतील. एकाची केबल काढा, आज्ञा परत द्या, ज्याच्यापुढे नो-कॅरिअर आलं तोच केबल काढलेला पोर्ट. 'इथटूल -पी ईटीएच१ १५' मधला पी छोटा दिला तर त्या पोर्टाचा दिवा १५ सेकंद लुकलुकतो, पण सगळ्याच कार्डांवर ही सोय नसते. तोच पी मोठा दिला आणि १५ गाळले तर कारखान्यातून आलेला मॅक पत्ता मिळतो. तो दोन्ही पोर्टांचा कागदावर उतरवा.

मग '/ईटीसी/सिस्टमडी/नेटवर्क' मध्ये दोन फाइली करा: '१०-वॅन.लिंक' आणि '१०-लॅन.लिंक'. पहिलीत चारच ओळी:

[मॅच]
परमनंटमॅकअॅड्रेस=बाहेरच्या पोर्टाचा पत्ता
[लिंक]
नेम=वॅन०

दुसरीत आतल्या पोर्टाचा पत्ता आणि लॅन०. सुरुवातीचा १० महत्त्वाचा. फाइली नावाच्या क्रमानं वाचल्या जातात आणि जुळलेली पहिली फाइलच लागू होते, म्हणून ९९-डिफॉल्टच्या आधी या पाहिजेत. यात नेमपॉलिसीची ओळ टाकू नका, टाकली तर आधी ती चालते आणि नेम मागे पडतं.

नाव म्हणून ईटीएच० आणि ईटीएच१ परत वापरायचा मोह होईल, तो टाळा. त्याच नावांवर कर्नलचाही हक्क आहे. ईटीएच० चं ईटीएच१ करायला गेलं आणि ईटीएच१ आधीच तिथे असलं, तर 'फाइल एक्झिस्ट्स' म्हणून बदल फसतो.

आता जुनी नावं जिथे जिथे आहेत तिथे बदला. 'ग्रेप -आरएन ईटीएच /ईटीसी' दिलं की सापडतील: नेटवर्कची इंटरफेसेस फाइल, डीएनएसमास्क, एनएफटेबल्स (फायरवॉल). ग्रबमधून 'नेट.इफनेम्स=०' काढा, 'अपडेट-ग्रब' चालवा. शेवटी 'अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू', हे बरेच जण विसरतात. बूटच्या सुरुवातीला जी छोटी फाइलप्रणाली चढते, तिच्यातही लिंक फाइलींची प्रत असते. ती जुनीच राहिली तर नाव तिथूनच चुकीचं लागू शकतं.

रीबूटनंतर 'डीमेसेज' मध्ये रीनेम्ड शब्द शोधा.

काळीमाती_मूर्तिजापूर:

उपाय बरोबर आहे, फक्त मॅकबद्दल एक बोलतो. पावसाळ्याच्या तोंडावर आपल्याकडे विजा कडाडतात आणि कार्डं जळतात. नवं कार्ड आलं की मॅक वेगळा, मग लिंक फाइल जुळत नाही. मॅकऐवजी 'पाथ=' लिहून स्लॉट बांधता येतो, 'यूडेव्हएडीएम इन्फो' मध्ये आयडी_पाथ मिळतो. कार्ड बदललं तरी नाव तेच.

दुसरं, मशीन जुनं आहे म्हणता, तर बोर्डावरचा सेल पाहा. सीआर२०३२, ३ व्होल्टचा. तो उतरला असला की लाइट जाताच बायोस मूळ सेटिंगवर येतं, बंद करून ठेवलेलं एखादं उपकरण परत चालू होतं आणि बसचे नंबर सरकतात. बूटनंतर तारीख काही वर्षं मागे गेलेली दिसली तर हेच समजा. मल्टीमीटरवर २.५ च्या आसपास दाखवत असेल तर बदलूनच टाका.

पांढरकवडा६४:

सेलचं एकदम बरोबर. स्लॉट बांधण्याला मात्र माझा विरोध आहे, निदान या मशीनसाठी. बस सरकली तर तोच पाथ दुसऱ्या कार्डावर जाऊ शकतो, म्हणजे उलटापालट पुन्हा, तीही गुपचूप. मॅक जुळला नाही तर लॅन० तयारच होत नाही, नेट सरळ बंद पडतं आणि बिघाड कुठे आहे ते लगेच कळतं. कार्ड बदललं की एक ओळ बदलायची, एवढंच काम.

यूएसबीचे स्वस्त अडॅप्टर असतील तिथे पाथ खरंच लागतो. काहींचे मॅक एकसारखे निघतात, काही दर बूटला नवा मॅक घेतात.

अभ्यासिका_दारव्हा:

केलं. वॅन० आणि लॅन० बरोबर आले, आतल्या मशीनना पत्तेही मिळतात, पण नेट पुढे जात नाही. एनएफटेबल्सची सेवा फेल दाखवते: 'इंटरफेस डझ नॉट एक्झिस्ट'. हातानं चालू केली की चालते.

केबलवाला_वाशिम:

नियमांत 'आयआयएफ' आणि 'ओआयएफ' लिहिलं असेल. ते नियम चढतानाच पोर्टाचा नंबर शोधतात. एनएफटेबल्स नेटवर्कच्या आधी उठतं, तेव्हा लॅन० अजून जन्मलेलं नसतं. एक ओळ अडली की अख्खी फाइल नाकारली जाते, म्हणजे मास्करेड (आतल्या सगळ्या मशीनना बाहेरच्या एकाच पत्त्यावरून नेट देणं) नाही आणि फायरवॉलही नाही. सगळीकडे 'आयआयएफनेम' आणि 'ओआयएफनेम' करा; ते पॅकेट आल्यावर नाव जुळवतात, पोर्ट नंतर आला तरी चालतं. डीएनएसमास्कमध्ये 'बाइंड-इंटरफेसेस' असेल तर त्याजागी 'बाइंड-डायनॅमिक' टाका, तीच भानगड तिथेही होते.

तपासताना नुसतं रीबूट पुरणार नाही. मशीन बंद करा, मागची वायर काढा, मिनिटभर थांबून लावा. असं पाच-सहा वेळा.

अभ्यासिका_दारव्हा:

आयआयएफनेम केलं. वायर काढून सहा वेळा उठवलं, सहाही वेळा वॅन० फायबरलाच. सेल २.४ दाखवत होता, तोही बदलला. दोन्ही मॅक पत्ते कागदावर लिहून डेस्कटॉपच्या डब्याच्या आत चिकटवले.