गेल्या महिन्यात कुठली कादंबरी वाचलीत? (अनुभव धागा)

घणसोलीची लेक

झाडाझडती संपवली परवा रात्री. विश्वास पाटलांची, 1991 ची, पुढच्याच वर्षी साहित्य अकादमी मिळालेली, म्हणजे तुमच्यातल्या निम्म्या लोकांची कॉलेजातच वाचून झाली असणार. आमच्याकडे ती कपाटात होती पण दादा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे की आपण काय वाचायचं त्यात, आपल्या घरात झालंय ते. म्हणून कुणी हातच लावला नाही.

धरणाखाली जांभळी गाव जातं आणि मग सुरू होतात कागद. मोबदल्याचा कागद, पर्यायी जमिनीचा कागद, नाव यादीत आहे की नाही त्याचा कागद. गाव बुडतं ते वाचून वाईट वाटतंच पण मला खरं लागलं ते हे, माणसं कचेऱ्यांचे उंबरे झिजवत म्हातारी होतात ते. आणि आजोबा आठवले एकदम.

नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरणकडच्या 95 गावांच्या जमिनी गेल्या त्यात आमची भातशेती होती. आजोबांकडे पत्र्याची पेटी, त्यात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले जुने सातबारे. त्यांना वाचता येत नव्हतं. सुट्टीत दुपारी मला समोर बसवायचे आणि म्हणायचे नंबर वाच. मी नंबर वाचायचे आणि ते त्या खाचराचं नाव सांगायचे. आंब्याखालचा. बांधावरचा. मोठा तुकडा. सगळे नंबर संपले की घडी घालून पुन्हा पेटीत. आज त्या आंब्याखालच्यावर सोसायटीचं पोडियम पार्किंग आहे आणि मी रोज तिथूनच रिक्षा पकडते. कादंबरी वाचेपर्यंत मला कधी कळलंच नाही की आजोबांना नंबर ऐकायचे नव्हते, त्यांना ती नावं कुणाला तरी देऊन ठेवायची होती.

मत विचाराल तर मधला भाग लांबलाय, काही ठिकाणी पात्रांपेक्षा माहितीच जास्त बोलते असं वाटलं. पण लेखक विस्थापितांना देव करत नाही, त्यांच्यातही भांडणं लोभ सगळं आहे, ते मला फार खरं वाटलं. आमच्याकडे मोबदल्यावरून सख्खे भाऊ बोलेनासे झालेत.

तुम्ही काय वाचलंत या महिन्यात ते लिहा. नवीन जुनं काहीही, आवडलं नाही तरी लिहा.

तलावपाळी

तुंबाडचे खोत चाललंय, पहिला खंड संपला आता दुसरा. पेंडशांनी काय पसारा घातलाय, पिढ्यांमागून पिढ्या, जगबुडी नदी, वाडा, भाऊबंदकी. सुरुवातीला कोण कुणाचा मुलगा ते लक्षात राहीना म्हणून मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने वंशावळ काढली. पुस्तक स्वतःचं आहे हं, ग्रंथसंग्रहालयाचं नाही 😀

पिंट्या माजिवडा

ते तुंबाड पिक्चरचं पुस्तक का? हस्तर वगैरे? मग मी पण वाचतो

तलावपाळी

नाही रे पिंट्या. पिक्चर 2018 चा, त्याने नाव तेवढं या कादंबरीवरून घेतलंय. हस्तर नाही, सोन्याची नाणी नाहीत. 1987 ची कादंबरी आहे, खोतांच्या घराण्याची गोष्ट. तरी वाच, तुला आवडेल, माणसं हस्तरपेक्षा भारी आहेत यातली.

पिंट्या माजिवडा

दोन खंड म्हणजे किती पानं पण

निवृत्त कंडक्टर, कळवा

पेंडसे आमचे. म्हणजे बेस्टमध्ये नोकरीला होते ते. मी लागलो तेव्हा जुने लोक अभिमानाने सांगायचे की आपल्या कचेरीतला माणूस कादंबऱ्या लिहितो. बेस्टचा इतिहास पण लिहिलाय त्यांनी. त्यामुळे आम्ही डेपोत गारंबीचा बापू फिरवून फिरवून वाचलेला, कव्हर निघालेलं, पहिली चार पानं गेलेली, तरी कुणाचं अडलं नाही. या महिन्यात डोळ्यांचं ऑपरेशन झाल्याने वाचन बंद आहे, नात वाचून दाखवते पण तिला बापूचं कोकणी बोलणं जमत नाही, मग मी म्हणून दाखवतो. चालू द्या.

ऐरोली सेक्टर 8

काका काळजी घ्या, ड्रॉप्स वेळेवर घाला.

मी रणांगण वाचली. विश्राम बेडेकर, 1939. लहानशी आहे, मुलाच्या कराटे क्लासबाहेर बाकावर बसून बसून वाचली. युरोपातून येणारं जहाज, त्यावर हिटलरच्या जर्मनीतून निघालेले ज्यू लोक, त्यात हॅर्टा आणि आपला चक्रधर. हे पुस्तक त्या वर्षी आलंय ज्या वर्षी महायुद्ध सुरू झालं, म्हणजे पुढे काय होणार ते लिहिणाऱ्याला माहीत नव्हतं आणि आपल्याला माहीत आहे. प्रत्येक पानावर ते डोक्यात राहतं. त्या लोकांना कुठलंच बंदर नीट घेत नाही. मला चक्रधरचा राग आला, खूप. समोर एवढं सगळं चाललंय आणि हा आपल्या जुन्या प्रेमभंगात. पण नंतर वाटलं की लेखकाला तो राग यावा असंच हवं असेल. शेवट

ऐरोली सेक्टर 8

अर्धवट गेलं, क्लास सुटला. शेवट सांगत नाही. वाचा.

वाशीकर आजी

हो, शेवट नको सांगू. मी मॅट्रिकला असताना वाचली होती, अजून हॅर्टा डोळ्यासमोर आहे.

उलवे जुना

ताई तुमची पोस्ट वाचली. आमचं गाव विमानतळात गेलेल्या दहा गावांतलं. उलव्याचा डोंगर कापला, नदी वळवली, ते सगळ्यांनी बातमीत बघितलं, आम्ही ओट्यावरून बघितलं. ब्लास्टिंगचा भोंगा झाला की आई देव्हाऱ्यातली समई धरून उभी राहायची. आता प्लॉटवर चार मजली घर आहे, खोटं कशाला बोलू, पैसाही आला. पण आई गच्चीत तुळस घेऊन बसते, शेजारी कोण ते तिला माहीत नाही. आधी एका हाकेवर सगळी आळी यायची.

मी कादंबऱ्या वाचत नाही. ही मिळाली तर वाचेन. जाड आहे का?

घणसोलीची लेक

दादा जाड आहे पण भाषा आपली साधी आहे, अडणार नाही. माझी प्रत देते, बेलापूरला असते मी कामाला. आईंना नमस्कार सांगा.

जानेवारी 1984 ला तुमच्या घरचं कुणी होतं का उरणच्या आंदोलनात? आमचे मोठे काका गेले होते दि. बा. पाटलांसोबत, म्हणजे आपल्या प्रकल्पग्रस्तांच्या पुढाऱ्यासोबत. पाच जण गेले तेव्हा गोळीबारात. गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड त्यानंतर मिळाले, हे आमच्या सोसायटीत नवीन आलेल्या लोकांना सांगितलं तर त्यांना आश्चर्य वाटतं.

उलवे जुना

मामा होते. पायाला लागलं होतं. सविस्तर भेटल्यावर बोलू.

खारघर डोंगराकडे

विषयाला सोडून आहे पण विचारते, पावसात पुस्तकांना बुरशी येते त्याचं काय करता? माझ्या सगळ्या दिवाळी अंकांना पांढरे ठिपके आलेत आणि कसर पण लागलीये 😭

वाशीकर आजी

कडुनिंबाचा पाला सावलीत सुकवून पानांत घाल. ओला नको. कपाट भिंतीला चिकटवून ठेवू नकोस, चार बोटं जागा सोड. पावसाळा संपला की एक दिवस सगळी पुस्तकं बाहेर काढून वारा लागू दे, कडक उन्हात नको, पानं पिवळी पडतात.

खारघर डोंगराकडे

थँक्यू आजी. सोसायटीत कडुनिंब आहे, वॉचमनला सांगते.

नेरूळ हॉस्टेल

मी इंजिनियरिंगला आहे. कोसला वाचली. सगळे म्हणतात ग्रेट आहे ग्रेट आहे म्हणून घेतली, पहिली शंभर पानं मला कळेचना की गोष्ट सुरू कधी होणार. पांडुरंग मेसचे हिशोब करतो, गॅदरिंग करतो, उधार देतो, घरचे पैसे उडवतो, बस. मग मनी देवीच्या आजारात जाते तिथे मी पुस्तक खाली ठेवलं आणि घरी बहिणीला फोन लावला. तिला म्हटलं काही नाही असंच. त्यानंतरचं मात्र एका बैठकीत झालं. आता परत पहिल्यापासून वाचतोय आणि ते मेसचे हिशोब पण वेगळे वाटायला लागलेत, कारण आता माहीत आहे की हा पुढे कुठे जाणार. 1963 ची आहे हे खरंच वाटत नाही, आमच्या मजल्यावर तीन पांडुरंग आहेत.

तलावपाळी

वा. बहिणीला फोन लावलास हे फार आवडलं.

माजी मास्तर, कोपरखैरणे

कोसलाबद्दल माझं मत वेगळं आहे. भाषा जबरदस्त, पण पांडुरंगभोवतीच्या बायका मला कधीच पूर्ण दिसल्या नाहीत, आई आणि मनी सोडून. असो, यावर वाद घालायला बसलो तर जेवण थंड होईल.

मी दरवर्षी बनगरवाडी काढतो, याही महिन्यात काढली. 1955 ची. मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत एकशिक्षकी होतो नोकरीच्या सुरुवातीला, त्यामुळे तो पोरसवदा मास्तर वाडीत येतो आणि शाळा बंद पडलेली असते, ते मला माझंच वाटतं. मुलं मेंढरांमागे गेलेली, त्यांना गोळा करायचं. बाहेरच्याला वाटतं मास्तरने शिकवायचं असतं. तिथे मास्तरने पत्रं लिहायची, भांडणं सोडवायची, कुणाचे पैसे तालुक्याला नेऊन द्यायचे. माडगूळकरांनी ते सगळं न सजवता लिहिलंय. आणि शेकूचा बैल जातो, पेरणी तोंडावर, तेव्हा बायको स्वतः औताला खांदा देते, त्यावर लेखक एक शब्द जास्त बोलत नाही. आजचा लेखक तिथे तीन पानं रडला असता. शेवटी दुष्काळ पडतो आणि वाडी उठते. घणसोलीच्या ताईंची पोस्ट वाचून वाटलं की गाव धरणाने जातं, शहराने जातं, पावसानेही जातं, आपल्याकडच्या चांगल्या कादंबऱ्या बऱ्याचशा गाव जाण्याच्याच आहेत.

पिंट्या माजिवडा

सर बनगरवाडी किती पानं आहे

माजी मास्तर, कोपरखैरणे

दीडशेच्या आत बाहेर. तुला दोन रविवारात होईल. खोत नंतर घे.

पिंट्या माजिवडा

डन सर 🙏

सानपाडा वाचक

मास्तरांच्या मुद्द्याला धरून, रिंगाण वाचा कुणी वाचली नसेल तर. कृष्णात खोत, 2023 ची साहित्य अकादमी. धरणामुळे उठलेलं गाव, त्यांची मागे राहिलेली म्हैस आणायला माणूस परत जंगलात जातो आणि ती म्हैस आता त्याची राहिलेली नाही, रानटी झालीये. बस एवढंच, पण त्यात काय काय आहे. झाडाझडतीत सगळा जथा दिसतो, इथे एक माणूस आणि एक जनावर. वाक्यं तुटक आहेत, बोलीतली, मला सुरुवातीला दोनदोनदा वाचावं लागलं. मोबाईलवर नका वाचू, छापील घ्या.

घणसोलीची लेक

घेतेच. एक विचारायचं होतं, आपल्या या पट्ट्यावर, म्हणजे खाडी, मिठागरं, आगरी कोळी गावं आणि त्यावर उभं राहिलेलं शहर, यावर मनासारखी मोठी कादंबरी कुणी सुचवेल का? आमची आजी सांगायची कवरं भात व्हायचं आपलं, ते कुणीतरी आमच्या बोलीत लिहिलेलं मला वाचायचंय.

सानपाडा वाचक

खाडी म्हटलं की मधु मंगेश कर्णिकांची माहीमची खाडी आठवते पण ती झोपडपट्टीची, 1969 ची, पलीकडच्या काठाची. तुम्हाला हवं ते वेगळं आहे. तुम्हीच लिहा ना. मनापासून सांगतोय. खाचरांची नावं सुरुवातीला टाका.

उलवे जुना

+1. नावं मी पण देतो आमच्याकडची. आई सांगेल.

वर्तक नगरची सून

कुकर लावून लिहितेय, चुकलं तर समजून घ्या. माहेर अमरावती. मी धग वाचली, उद्धव शेळके, 1960. सासूबाईंना वाचून दाखवली खरं तर, त्या ठाण्याच्याच, त्यांना वऱ्हाडी कळत नव्हती, मी मधेमधे सांगायचे. कौतिक नवऱ्याला सावरते, पोरांना सावरते, पोटाला चिमटा काढून पोराला शिकवायचं बघते, आणि काहीच तिच्या हाताला लागत नाही. नवऱ्याला महारोग झाल्यावरही ती थांबत नाही. सासूबाई एरवी माझ्याशी मोजकंच बोलतात, पण कौतिकवर त्या रोज बोलायच्या, आज तिने असं का नाही केलं, तसं का नाही केलं. एक दिवस म्हणाल्या आमच्या काकू अशाच होत्या, आणि मग त्या काकूंची सगळी कहाणी सांगितली जी घरात कुणालाच माहीत नव्हती, ह्यांना पण नाही.

आता त्या विचारतायत पुढचं कुठलं. बाईने सांगितलेली कादंबरी पाहिजे म्हणतात. सुचवा.

माजी मास्तर, कोपरखैरणे

पाचोळा. रा. रं. बोराडे, 1971. शिंप्याची बायको सांगते सगळं, मराठवाडी बोलीत. मोठ्याने वाचायला फार सुंदर आहे, कारण लिहिलीच आहे बोलल्यासारखी. पण दुःखाची आहे, आधी सांगून ठेवा त्यांना.

तलावपाळी

किंवा गोनीदांची पडघवली, अंबूवहिनी सांगते. ती पण कोकणातलं गाव मोडत जाण्याचीच आहे. आधी पडघवली घ्या, मग पाचोळा.

वर्तक नगरची सून

पडघवली घेते आधी. स्टेशनजवळच्या ग्रंथसंग्रहालयात मिळेल ना?

तलावपाळी

1893 पासूनचं वाचनालय आहे ते, गोनीदां नसतील असं होणार नाही 😀 उद्या मी जातेय, असेल तर तुमच्यासाठी बाजूला ठेवायला सांगते.

ऐरोली सेक्टर 8

आणि रणांगण हवी असेल तर माझ्याकडे आहे. कुणीही या, सातनंतर घरी असते. येताना मला बनगरवाडी आणा, माझी कुणीतरी नेली ती परत आलीच नाही.