मदत हवी आहे: नागपूर ते विशाखापट्टणम कारने, सोबत सत्तरीतले आईबाबा आणि दोन मुलं

नमस्कार मंडळी,

आम्ही मूळचे नागपूरचे, बरीच वर्षं झाली कॅनडात कॅल्गरीला असतो. येत्या डिसेंबरमध्ये प्रतापनगरला आईबाबांकडे येऊन राहिलो, आणि त्या सुट्टीतले पाच-सहा दिवस काढून सगळ्यांनी मिळून कारने विशाखापट्टणमला जायचं मनात आहे. मुलगा आठ वर्षांचा, मुलगी चार वर्षांची, आई बहात्तरची आणि बाबा पंचाहत्तरचे, म्हणजे आम्ही दोघं धरून सहा जण आणि ड्रायव्हर. इथे नागपूरचे आणि त्या भागातले बरेच लोक आहेत म्हणून सविस्तर विचारतेय, लांबलं तर माफ करा.

आधी एक सांगते, विमानाने जा किंवा ट्रेनने जा हे घरी सगळ्यांनी सांगून झालंय. पण नागपूरला आलो की काय होतं, दिवसभर बेल वाजत असते, कोणी ना कोणी भेटायला येतंच, आई पूर्णवेळ किचनमध्ये, बाबा पाहुण्यांजवळ, पोट्टे कुठेतरी मोबाईल घेऊन बसलेले आणि परत निघायचा दिवस येतो. मुलांना आजी-आजोबा माहीत आहेत ते व्हिडिओ कॉलवरचे. गाडीत सगळे एका जागी असतील, आजी डब्यातून पुडाची वडी काढून देईल, आजोबा प्रत्येक गावाचं नाव वाचून त्याची माहिती सांगतील, मला तेच हवंय. समुद्र तर बघायचाच आहे, पण रस्त्यातले ते तासही तेवढेच महत्त्वाचे आहेत.

विशाखापट्टणम का, तर आईला पुरी हवं होतं जगन्नाथासाठी आणि बाबांना पाणबुडी बघायची आहे. बाबा अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेत, आरके बीचवर कुरसुरा पाणबुडीचं म्युझियम आहे हे त्यांनी कुठेतरी वाचलं तेव्हापासून तोच विषय, ती 1969 साली नौदलात आली आणि 2002 पासून लोकांना बघायला खुली आहे वगैरे सगळं त्यांना पाठ आहे. शेवटी आईच म्हणाली की विशाखापट्टणमजवळच्या सिंहाचलमला नृसिंहाचं दर्शन झालं तरी चालेल, जाऊ द्या त्यांच्या मनासारखं. मुंबई-अलिबागचाही विचार केला, समृद्धी महामार्ग आता इगतपुरीपासून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण सुरू झालाय त्यामुळे 701 किलोमीटर सरळ रस्ता आहे, पण आमणेच्या पुढचा ट्रॅफिक आणि आईचे गुडघे याचा मेळ बसेना.

आता खरे प्रश्न. आम्ही भंडारा, साकोली, देवरी, राजनांदगाव असं जाऊन पुढे कांकेर, जगदलपूर, कोरापुट, सालूर, विजयनगरम असा रूट काढलाय. मॅपवर राजनांदगावहून बालोद आणि पुरूर करत धमतरी-कांकेर हायवेला लागायचा शॉर्टकट दिसतो, म्हणजे रायपूरला जायची गरज नाही, तो रस्ता मोठ्या गाडीला आणि म्हाताऱ्या माणसांना चांगला आहे का? कॅल्गरी ते व्हँकुव्हर साधारण साडेनऊशे-हजार किलोमीटर आहे आणि तिकडे लोक मध्ये एक मुक्काम करून आरामात जातात, पण तो हिशोब इकडे लावू नये एवढं कळतं, म्हणून मुक्काम किती आणि कुठे करावेत ते सांगा. बस्तरमधून जायचं म्हटल्यावर मामा आणि काका दोघंही फोनवर "काऊन उगाच रिस्क घेता" म्हणून राहिले, तर हल्ली तिकडून कोणी फॅमिली घेऊन गेलं असेल तर प्लीज लिहा.

दुसरं म्हणजे बसायचं कसं. इनोव्हा क्रिस्टा बघतोय. आईला मागच्या सीटवर चढता येत नाही, मुलगा मागे बसला की घाटात हमखास उलटी करतो, मुलीसाठी कार सीट आम्ही तिकडून आणतोय, आणि मागची सीट वापरली की बॅगा ठेवायला जागाच राहत नाही. नवऱ्याकडे अल्बर्टाचं लायसन्स आणि इंटरनॅशनल परमिट दोन्ही असेल पण त्याने चालवू नये असंच माझं मत आहे, लांबच्या प्रवासाला इकडचा सवयीचा ड्रायव्हर हवा. बाबांना शुगर आहे त्यामुळे जेवणाच्या वेळा पाळाव्या लागतात.

कोणाला अनुभव असेल तर जरूर सांगा.

बर्डीवाला:
ताई, सगळ्यात आधी गाडीचं बघा, बाकी नंतर. डिसेंबरमध्ये नागपूरला हिवाळी अधिवेशन असते आणि तेव्हा चांगल्या क्रिस्टा आणि चांगले ड्रायव्हर सगळे तिकडे लागलेले असतात, ऐनवेळी मिळाली तर मिळाली. आत्ताच कोणाला तरी घरून पाठवून बुक करून ठेवा. क्रिस्टा आठ सीटरवाली मागा, तिच्यात मधे सलग सीट असते. बाबा समोर, मधे आई, मुलगा आणि मुलीची कार सीट, मागे तुम्ही दोघं आणि बॅगा वर कॅरियरला ताडपत्री बांधून. टेम्पो ट्रॅव्हलर मोकळी पडते पण तिची पायरी उंच असते, गुडघ्याच्या माणसाला प्रत्येक चहाला चढउतार म्हणजे त्रास आहे.

आणि एक, गाडी फायनल करायच्या आधी मधल्या सीटचा बेल्ट आणि त्याचं बकल स्वतः लावून बघायला सांगा. टॅक्सीवाले सीट कव्हर चढवतात त्याच्याखाली बकल दाबून टाकलेलं असते, मग कार सीट बांधायची कशाला? ऑल इंडिया टुरिस्ट परमिट आहे का तेही विचारा, तुम्हाला छत्तीसगड, ओडिशा, आंध्र अशा तीन बॉर्डर लागतात. भाडं दिवसाला किमान अडीचशे-तीनशे किलोमीटर धरून लावतात, म्हणजे विझागला (विशाखापट्टणमला) गाडी नुसती उभी राहिली तरी पैसे लागतात, ड्रायव्हरचा भत्ता वेगळा. येताना गाडी सोडून समता एक्सप्रेसने यायचा विचार असेल तरी रिकाम्या गाडीचं परतीचं भाडं द्यावंच लागते.

घाटरोड:
आम्ही आईला घेऊन जगदलपूरपर्यंत जाऊन आलोय, आईला गुडघ्याचाच त्रास. मेन हायवेवर दिवसभर ट्रक, बस, लग्नाच्या गाड्या सगळं चालू असतं, भीती वाटावी असं काही दिसलं नाही. तरी नियम एकच ठेवला होता, अंधार पडायच्या आत मुक्कामाला आणि आतल्या रस्त्यांना जायचं नाही. तुम्हीही तेवढं पाळा आणि काकांना तसंच सांगा.

नागपूर ते जगदलपूर पाचशेच्या आसपास होतं, एका दिवसात ड्रायव्हर नेईल पण आई-बाबांचे हाल होतील. बालोदचा रस्ता वेळ वाचवतो, पण पहिला मुक्काम करायचा असेल तर मी म्हणेन सरळ भिलाई किंवा रायपूरला थांबा. पाच-सहा तासात पोचता, हॉटेलं चांगली आहेत, रात्री काही लागलं तर दवाखाने आहेत. दुसऱ्या दिवशी धमतरी, कांकेर, मग केशकालचा बारा वळणांचा घाट. त्याच्या आधी मुलाला भरपेट खाऊ घालू नका, नुसतं कोरडं काहीतरी द्या. दुसरा मुक्काम जगदलपूरच्या जवळ चित्रकोटला करा. इंद्रावतीचा धबधबा आहे, घोड्याच्या नालेसारखा, जगदलपूरहून चाळीसेक किलोमीटर. डिसेंबरमध्ये पाणी पावसाळ्याइतकं नसतं पण गढूळपण गेलेलं असतं. आईला एकही पायरी न उतरता वरून सगळं दिसतं, आमची आई तिथे तासभर बसून होती, उठायलाच तयार नव्हती.

विझागकर मराठी:
नोकरीमुळे इथे राहतो म्हणून इकडचं सांगतो. जगदलपूरहून अराकूवरून यायचा मोह होईल, रस्ता सुंदर आहे पण अनंतगिरीचा घाट वळणावळणाचा आहे, मुलगा उलटी करतो म्हणताय तर कोरापुट-सालूरनेच या, तिकडेही घाट आहे पण उतरलात की पुढे सपाट. अराकू नंतर विझागहून ट्रेनने करा. किरंदुलच्या गाडीला काचेच्या छताचा डबा असतो, त्याचं बुकिंग लवकर करा. बोगदे मोजता मोजता मुलांचा प्रवास संपतो. बोरा केव्हजला मात्र भरपूर पायऱ्या आहेत, आईला वरतीच बसवा.

पाणबुडी सोमवारी बंद असते, बाकी दिवशीही वेळ बघून जा. आत वाट अरुंद आहे, मागून गर्दी येत असते, त्यामुळे बाबांना घाई नको असेल तर उघडल्या उघडल्या जा. आईने बाहेर बीचवर बसावं. समोरच टीयू-142 विमानाचं म्युझियम आहे, बाबांना तेही आवडेल.

समुद्राचं नीट ऐका. आरके बीच बघायला छान पण आत उतरायला नाही, खालून ओढ असते, दरवर्षी माणसं जातात. मुलांना पाण्यात खेळवायचं तर ऋषिकोंडाला न्या आणि लाइफगार्ड आहे त्याच भागात, तेही घोट्यापर्यंतच. आणि मुंबई-गोव्याला लोक सूर्यास्त बघतात तसा इथे सूर्योदय समुद्रातून होतो, तेव्हा हॉटेल बीच रोडलाच घ्या. ख्रिसमसच्या आठवड्यात सगळं भरलेलं असतं. डिसेंबरमध्ये क्वचित एखादं वादळ बंगालच्या उपसागरात असतं, निघायच्या दोन दिवस आधी हवामान खात्याचा अंदाज बघाच.

धाग्याची लेखिका:
तिघांचेही मनापासून आभार, एवढं कोणी ट्रॅव्हल एजंटने सांगितलं नसतं. भावाला फोन करून झाला, तो उद्याच आठ सीटरवाली क्रिस्टा बघायला जातोय आणि बकल स्वतः लावून बघणार आहे. भिलाई आणि चित्रकोट असे दोन मुक्काम पक्के केले. आईला चित्रकोटचे फोटो पाठवले तर तिने लगेच विचारलं की तिथे स्वयंपाकाची सोय आहे का, तिला म्हटलं आई यावेळी तू काहीही करायचं नाहीस.

कॅल्गरी आणि नागपूरमध्ये साडेबारा तासांचा फरक आहे, मुलं पहिले काही दिवस रात्री तीनला टक्क जागी असतात, त्यामुळे पोचल्यावर आठवडाभर घरीच राहून मग निघू, आणि झोप पूर्ण बसली नसेल तर विझागचा सूर्योदय त्यांना आपोआप मिळेल. मुलांकडे कॅनडाचे पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) आहेत, हॉटेलसाठी दोन्हीच्या झेरॉक्स काढून ठेवतेय.

आता एकच राहिलंय. कोरापुट ते सालूर या पट्ट्यात दुपारी एकच्या सुमारास बसून साधं, कमी तेलाचं जेवण मिळेल अशी स्वच्छ जागा कोणाला माहीत आहे का, जिथे टॉयलेट कमोडचं असेल? आईला खाली बसता येत नाही आणि बाबांना दोनच्या पुढे उपाशी ठेवता येत नाही. जगदलपूरहूनच पोळी-भाजी बांधून घ्यावी का?