अ‍ॅड-ऑनला काय म्हणावं: पूरक, पुरवणी, कलम की जोड?

गोदाकाठ, नाशिक: गंगापूर रोडच्या आमच्या ऑफिसात नवीन मुलं लागली आहेत. त्यांच्यासाठी व्ह्यूची, म्हणजे वेबपानं बनवायच्या जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कची, टिपणं मराठीत लिहितोय. कंपोनंट, पॅकेज, इन्स्टॉल तसेच ठेवले, ते रोज तोंडात असतात. अडलो अ‍ॅड-ऑनपाशी. तारीख निवडायचं कॅलेंडर, तक्ते, भाषांतराची सोय अशी तयार पॅकेजं एनपीएमवरून, म्हणजे पॅकेजांच्या ऑनलाइन भांडारातून, आणायची आणि ‘अ‍ॅप डॉट यूज’ लिहून प्रोजेक्टला लावायची. मी ‘पूरक’ लिहिलं, तर एकीने विचारलं, “सर, मग मूळ व्ह्यू अपुरं आहे का?” रास्त प्रश्न.

शब्दवेल: तुमची विद्यार्थिनी हुशार आहे. पूरक म्हटलं की उणीव आलीच. पूरक आहार कुणाला देतात? पुरवणीत तो भाव नाही. उत्तरपत्रिका भरली की पुरवणी मागून दोऱ्याने बांधायची. अधिवेशनातल्या पुरवणी मागण्याही मूळ अर्थसंकल्पानंतरच्याच. पण पुरवणी नेहमी शेवटी लागते. तुमचं कॅलेंडर पानाच्या मधोमध बसत असेल ना?

दिंडोरीकर: दादा, कलम म्हणा. आमच्या द्राक्षबागेत आधी डॉगरिज जातीचा खुंट लावतात, तो जोमात आला की त्यावर थॉम्पसनची काडी भरतात. खारं पाणी, पाण्याचा ताण खुंट सोसतो, घड काडीचे. कुठली काडी कुठल्या खुंटावर धरेल, हे आधी बघावंच लागतं. पीअर डिपेंडन्सी, म्हणजे पॅकेजला व्ह्यूची कुठली आवृत्ती लागते ही अट, म्हणजे दुसरं काय?

गोदाकाठ: खुंटाचा दाखला मी टिपणात घेणारच. पण ‘कलम’ ऐकून नव्या मुलाला कायद्याचं कलम आठवेल. शिवाय कलम एकदा धरलं की एकजीव. अ‍ॅड-ऑन काढता यायला हवं. व्ह्यू २ चं अधिकृत पाठबळ ३१ डिसेंबर २०२३ ला संपलं, तेव्हा आम्ही द्राक्षाच्या पॅकहाउसचं एक अ‍ॅप व्ह्यू ३ वर नेत होतो. कॅलेंडरच्या पॅकेजवर पीअर डिपेंडन्सी व्ह्यू २ ची लिहिलेली, त्यामुळे एनपीएम इन्स्टॉललाच अडलं. मी जबरदस्तीने बसवलं. पान उघडलं, पण तारखेच्या चौकटीवर टिचकी मारली तरी कॅलेंडर उघडेना. आतला कोड जुन्या ‘व्ह्यू डॉट यूज’च्या रीतीवर बेतलेला होता. शेवटी ते काढून ब्राउझरची साधी तारखेची चौकट लावली. अ‍ॅप तेच, बाकी काही हललं नाही.

शब्दवेल: मग उत्तर तुम्हीच दिलंत. शेतीला दुधाची जोड देतात. म्हशी विकल्या तरी शेती उरते. ‘जोड’ घ्या. मात्र लिंग सांभाळा: नळाचा गळतो तो जोड, शेतीला देतात ती जोड.

दिंडोरीकर: ताई, अनेकवचनाचं काय? “दोन जोडी बसवल्या” म्हटलं तर कुणी बैलजोडी समजेल.

शब्दवेल: खरंय, तिथे एकटा शब्द तोकडा पडतो. म्हणून समास करा. जोडधंदा, जोडपत्र आहेतच, तसं जोडपॅकेज. एक जोडपॅकेज, दोन जोडपॅकेजं. क्रियापद मात्र ‘जोड देणे’च राहू द्या, ते बोलीतलं आहे.

गोदाकाठ: घेतलं. टिपणातलं पहिलं वाक्य बदललं: ‘व्ह्यूला जोड देण्याआधी जोडपॅकेजची पीअर डिपेंडन्सी वाचा; खुंट कुठला मागितलाय ते तिथेच लिहिलेलं असतं.’